घर राखायला ठेवलेलं माणूस

येळवशीला तुमचं सगळं घर शेतात जातं, तेव्हा मागं घरात कोण राहतं?

लातूरकडच्या वाचकांना प्रश्न कळला असेल. बाकीच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. दिवाळी मागं पडते, हरभरा फुलाघाट्यावर येतो, ज्वारी कमरेच्या वर जाते आणि मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमचा जिल्हाच्या जिल्हा उठून शेतात जातो. दुकानं बंद, कचेऱ्या ओस, लातूरच्या मोठ्या रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळतात. शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपटी, उभी करतात, तिच्यात लक्ष्मी मांडतात, पिकावर आंबील शिंपडतात आणि मग भज्जी, पिठाचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील असं दुपार कलंडेपर्यंत जेवत राहतात. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. सगळ्या डाळी, शेंगा, हिरव्या भाज्या आणि चिंच घालून शिजवलेली ती घट्ट भाजी एकदा खाल्ली की वर्षभर आठवते. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावतंच. त्या दिवशी कुणी उपाशी राहिलं तर तो त्याचा स्वतःचा हट्ट.

आता पुन्हा विचारते. मागं कोण राहतं? घर राखायला म्हणून तुम्ही कुणाला ठेवता? ते माणूस घर राखायला योग्य आहे म्हणून ठेवता, की चारचौघांत न्यायला अवघड वाटतं म्हणून?

माझी नोकरी त्या मागं राहिलेल्या माणसासाठी आहे. मी चाकूर आणि अहमदपूर भागातल्या सरकारी दवाखान्यांत समुपदेशक आहे, कंत्राटी. माझ्या खोलीत लसीची रिकामी खोकी, एक मोडका वजनकाटा, दोन खुर्च्या आणि मी असे सगळे एकत्र राहतो. दारावरची पाटी अवघड आहे, म्हणून लोक तिला 'बोलायची खोली' म्हणतात. शासनानं ठेवलेल्या नावापेक्षा हे नाव बरं आहे.

मी मूळची नायगावची. वडील शिंपी. दिवसा शिवणकाम आणि उरलेल्या वेळात क्रांती, असं त्यांचं वेळापत्रक. घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं पोत्यानं. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, पाण्यासाठी, रोजगार हमीसाठी. आम्ही भाकरी पत्रकावर ठेवून खायचो आणि खाता खाता वाचायचो. 'बंधू-भगिनींनो' हा मला लिहिता आलेला पहिला मोठा शब्द. त्यामुळं माझ्या बोलण्यात अजूनही मधूनच माईक येतो. खोलीत मी तो बंद ठेवते. इथं लिहिताना चालू राहिला तर समजून घ्या.

कामाचं थोडं सांगते. माझ्याकडं कुणीही येऊन 'मला मरावंसं वाटतंय' असं म्हणत नाही. डोकं दुखतंय म्हणतात. झोप न्हाई. भूक न्हाई. जीवाला कटाळा आलाय. 'माझं आता काय राहिलंय' असं हसत म्हणतात आणि आपणही हसून सोडून देतो. तपासणीच्या खोलीतले डॉक्टर चिठ्ठीवर 'बोलून घ्या' लिहून माझ्याकडं पाठवतात. मग मी झोपेचं विचारते, जेवणाचं विचारते, आणि सरळ विचारते, "मरून जावं असं मनात येतं का?"

या प्रश्नावर माझं सगळ्यांशी भांडण झालेलं आहे. विचारलं तर डोक्यात भरतं, असं लोक म्हणतात. शिकलेले तर जास्तच म्हणतात. बाबांनो, नाही भरत. तो विचार आधीपासून आत असतो आणि कुणी विचारत नाही म्हणून एकटा वाढत असतो. विचारलं की माणूस श्वास सोडतो, हे मी माझ्या समोरच्या खुर्चीत कितीतरी वेळा पाहिलं आहे. आणि दुसरी गोष्ट. हा विचार बाळंतपणाच्या कळेसारखा येतो. चढतो, असह्य होतो, आणि ओसरतो. कळ चढलेली असताना माणूस एकटं नसावं, हाताशी धोक्याचं काही नसावं, एवढी सोय केली तर पुष्कळ माणसं त्या कळेतून बाहेर येतात. मग औषध आहे, डॉक्टर आहेत, आम्ही आहोत.

प्रयागबाईंची गोष्ट इथूनच सुरू होते.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांचे दीर त्यांना घेऊन आले. दीर म्हणजे निवृत्त शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून मीही म्हणते. प्रयागबाई साठीच्या अलीकडच्या, चाकूर तालुक्यातल्याच एका गावच्या. पाऊस सरता सरता त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कसा, ते मी लिहिणार नाही. गावाला तेवढं एकच ठाऊक होतं आणि गाव तेवढं एकच बोलत होतं. कधीपासून झोप नव्हती, कधीपासून अन्न गोड लागत नव्हतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लातूरच्या मोठ्या दवाखान्यातून त्या बऱ्या होऊन आल्या, तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि पुढचं बोलणं माझ्याकडं सोपवलं.

गुरुजींनी वहिनींना बाकावर बसवलं आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

"मॅडम, एक विनंती हाय. तिला ते इचारू नका. आता कुठं विसरत आलीय."

"तेच विचारणार आहे, गुरुजी. तुम्ही गणिताची परीक्षा घेताना गणित सोडून बाकी सगळं विचारत होता का?"

"तुमचं वय काय हो?"

"पगाराला पुरेल एवढं आहे."

गुरुजींनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. नापास करायच्या पोराकडं पाहतात तसं. पण अडवलं नाही.

आत प्रयागबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, कधीही उठून जाता यावं अशा. मी झोपेचं विचारलं, तोंडाला चव आहे का विचारलं. मग विचारलं, "प्रयागबाई, मरून जावं असं अजून वाटतं का?"

त्यांनी आधी दाराकडं पाहिलं. दार बंद होतं.

"आज पयल्यांदा कुणी इचारलं बघा," त्या म्हणाल्या. "भेटाया तर अख्खं गाव येऊन गेलं. केळी आणली, बिस्किटं आणली. समदे एकच म्हणतेत, 'असं करायचं असतंय का?' आता त्याला काय उत्तर देऊ? एक म्हणली, नातवाच्या तोंडाकडं बघायचं की. माय, त्याच्या तोंडाकडं बघूनच तर मला वाटायचं, ह्या लेकराला माझ्यासारखी आज्जी कशाला."

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य असतं. न गेलेलं माणूस पुढची दहा वर्षं ऐकून घेतं. माझी काही तक्रार नाही, ही चांगलीच रीत आहे. पण भेटायला जाताना आपण केळ्यांबरोबर उपदेश नेतो, आणि केळी तरी खाऊन संपतात.

मी त्यांना 'असं वाटून घेऊ नका' म्हटलं नाही. 'जीवन सुंदर आहे' तर मुळीच म्हटलं नाही. हे वाक्य छापलेला एक फलक माझ्या खोलीत वरून आला होता, मी तो भिंतीकडं तोंड करून ठेवला आहे. ज्याला जीवन नकोसं झालंय त्याला ते सुंदर असल्याची बातमी देणं म्हणजे भुकेल्याला पंगतीचा फोटो दाखवणं. मी एवढंच विचारलं, "असं कधीपासून वाटतंय?"

त्या बऱ्याच वेळ बोलल्या. कारण असं एक नव्हतं, कधीच नसतं. मालक जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला कंपनीत. छातीवर दगड ठेवल्यासारखी सकाळ. कामात मन लागेना, मग आपण निकामी झालो असं वाटायला लागलं. हा आजार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ताप अंगाला येतो तसा हा मनाला येतो, त्यात तुमचा गुन्हा काही नाही, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

शेवटी म्हणाल्या, "पण आता लई कटाळा एकाच गोष्टीचा येतोय. चुलीपुढं बसू देत न्हाईत, वेचायला-निवडायला देत न्हाईत. बसा म्हणतेत. माझ्याच घरात मी पाव्हणी झालेय. पाव्हणा बी चार दिसानं घरी जातो, मी कुठं जाऊ?"

घरच्यांनी धोक्याच्या वस्तू कुलपात घातल्या होत्या, ते बरोबरच होतं. मीच सांगते तसं करायला. पण वस्तूंबरोबर त्यांनी कामही कुलपात घातलं, बोलणंही घातलं.

पुढं मी त्यांच्या गावी गेले. सून शोभा दारातच भेटली. चहा ठेवता ठेवता तिनं दबक्या आवाजात मन मोकळं केलं. "गावाचं बोट माझ्याकडं हाय, मॅडम. 'सुनंनंच काही केलं असंल.' आता परत काही झालं तर मला तोंड दाखवाया जागा ठिवतील का? मी न्हाणीत गेले तरी आवाज देते, 'आत्याबाई, हाव का?'"

आतल्या खोलीतून प्रयागबाईंचा आवाज आला, "हाव हाव, अजून हाय! न्हा तू निवांत."

शोभा दचकली आणि मग आम्ही तिघीही हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं असावं, कारण गुरुजी बाहेरून धावत आले, काय झालं म्हणून.

गोळ्या लागू पडत होत्या. प्रयागबाई पुढच्या खेपेला केस विंचरून आल्या. त्याच्या पुढच्या खेपेला माझ्या खोलीतली जळमटं दाखवून मला चार गोष्टी सुनावल्या. मला फार बरं वाटलं. माझ्या धंद्यात बोलणी खाणं ही प्रगती असते.

येळवस जवळ आली. मी सहज विचारलं, "या वर्षी भज्जी कोण करणार?" त्यांच्या हातची भज्जी भावकीत प्रसिद्ध, हे मला शोभानं सांगितलं होतं.

प्रयागबाईंनी पदराचं टोक सारखं केलं. मग म्हणाल्या, "शोभा करील. मी घर राखायला."

"तुमच्यासोबत कोण?"

"कोण ऱ्हाईल? लेक पुण्याहून येईल, त्याला न् शोभाला पूजेला बसायचंय. भावजी पाव्हण्यांत. मला आत ठिवून बाहीरून कडी लावून जाणार हायत. काळजीनंच म्हणतेत, वाईटानं न्हाई." मग म्हणाल्या, "गाव त्या दिशी लई मोकळं असतंय, मॅडम. हाक मारली तरी कुणी न्हाई."

माझ्या हातातला पेन खाली ठेवला गेला. एखादं वाक्य असं येतं की त्याच्या मागचं वाक्य ऐकायलाच लागतं.

"त्या दिवसाबद्दल मनात काही आलंय का, प्रयागबाई? मरायचं?"

त्यांनी नजर खाली केली. "हाव," म्हणाल्या. "आलंय."

आमच्या कामात सगळी गुपितं पोटात ठेवायची असतात, हे एक सोडून. जीवाला धोका असला की सांगायचं, आणि त्या माणसाला सांगून सांगायचं. मी म्हटलं, "हे मी गुरुजींना आणि शोभाला सांगणार आहे. लातूरच्या डॉक्टरांनाही. चिडायचं तर चिडा माझ्यावर."

"सांग माय," त्या म्हणाल्या. मॅडमची माय झाले मी त्या क्षणी. "मला न्हाई सांगता येत. तूच सांग."

डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी तातडीनं बोलावलं, तपासलं, गोळ्या बदलल्या. घरी ठेवायला हरकत नाही म्हणाले, पण एक क्षणही एकटं ठेवायचं नाही. म्हणजे येळवशीचा प्रश्न तसाच उभा.

लातूरहून आल्यावर गुरुजींच्या ओसरीवर मी तो घेऊन बसले. आणि काय सांगू, माझा माईक चालू झाला. मागास रूढी, बाईच्या जातीला कोंडून ठेवणं, माणसाचा सन्मान, सगळं बोलले. वडील तिथं असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

गुरुजींनी शांतपणे ऐकलं. "भाषण चांगलं करता. वडील पुढारी हायत का?"

"शिंपी आहेत."

"तरीच. कापड कमी, शिलाई जास्त."

शोभा पदरात हसली. मी तापलेली होते, त्यात गुरुजींनी भर घातली. "आणि भावकीचं बी बघावं लागतंय. कस्तुराबाई म्हणलीच परवा, अशा हातची भज्जी लक्ष्मीपुढं कशी ठिवायची म्हणून." कस्तुराबाई म्हणजे त्यांच्या चुलत भावाची बायको, भावकीतली थोरली.

मी उठूनच उभी राहिले. लक्ष्मीला काय चालतं आणि काय नाही याचा जाब मी विचारणार होते, बहुधा लक्ष्मीलाच. तेवढ्यात आतून प्रयागबाई आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"मॅडम, लक्ष्मीचं न् माझं आमचं आम्ही बघतो. माझ्यासाठी देवाशी भांडू नका, ती बी बाईच हाय. मला फकस्त शोभाला चिंच किती घालायची ते सांगू द्या."

मी खाली बसले. आणि भाषणाच्या जागी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. जे सगळ्यांना विचारते तेच गुरुजींना विचारलं. "गुरुजी, तुम्हाला झोप लागते का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.

"वहिनीच्या दाराबाहीर बाज टाकतो," ते म्हणाले. "आतून खोकला ऐकू आला की बरं वाटतंय. खोकला थांबला की उठून बसतो."

"कुणाला सांगितलंत हे?"

"मास्तरानं कुणाला सांगायचं असतंय?" मग हळूच म्हणाले, "मला भ्या वाटतंय, मॅडम. शेतात शंभर माणसं. मी पाव्हण्यांत गुंतलो न् तिकडं तिचं काही झालं तर? घरात कडी लावली तर ती कुठं हाय एवढं तरी ठाऊक असंल."

"कडीला कान नसतात, गुरुजी. तुम्हाला आहेत."

प्रयागबाई उंबऱ्यावरून दिराकडं पाहत होत्या. हा माणूस आपल्या दाराबाहेर रोज जागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, पहारा आहे. सांभाळणाऱ्या माणसाची भीती आतल्या माणसाला पहाऱ्यासारखी दिसते, कारण दोघंही एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या सगळ्या कामात मला एवढ्या वेळा भेटलेली गोष्ट दुसरी नाही.

मग आम्ही साधं नियोजन केलं. स्वयंपाकाला प्रयागबाई आणि शोभा एकत्र. शेतात पूजेच्या वेळी गुरुजी त्यांच्याशेजारी. कळ आली की प्रयागबाईंनी एवढंच म्हणायचं, "बसा जरा," आणि ज्याला म्हणतील त्यानं हातातलं टाकून बसायचं. का, कशाला, विचारायचं नाही.

"आणि जेवणाच्या गर्दीत?" शोभानं विचारलं.

"मी बसते," मी म्हटलं. "मला शेत नाही. बोलावणं करा."

गुरुजींनी चष्मा घातला आणि रीतसर, गावातल्या प्रतिष्ठिताला करावं तसं म्हणाले, "येळवशीला या, मॅडम."

त्या दिवशी मी पोचले तेव्हा प्रयागबाईंचा लेक डोक्यावर आंबिलाची घागर घेऊन बांधावरून चालला होता आणि मागं पोरं 'ओलगे ओलगे' अशी येळवशीची आरोळी देत होती. कोपीत लक्ष्मी मांडली होती. कोपीशेजारी पटकुरावर प्रयागबाई बसल्या होत्या, आणि शोभाला बोलणी बसत होती. "अगं घाल चिंच, भिऊ नको. लक्ष्मीला दात हायत का आंबायला?"

शेताच्या तोंडाशी, बाभळीखाली, गुरुजी उभे होते. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला थांबवून शाळेत प्रार्थनेआधी सूचना देतात तशी सूचना देत होते. "आत वहिनी बसलीय. भेटायचं. पण 'असं करायचं असतंय का' म्हणायचं न्हाई. उपदेश करायचा न्हाई. झोप लागते का इचारायचं, काही लागलं तर बोलव म्हणायचं, न् आंबील प्यायची. समजलं?" एका मिशीवाल्या पाहुण्यानं तर "हाव गुरुजी" म्हणून हातही मागं बांधले. त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला.

कस्तुराबाई आल्या. लक्ष्मीच्या पाया पडल्या. पानावर भज्जी वाढली गेली. त्यांनी ती कुणी केली हे विचारलं नाही, एक घास घेतला, मग दुसरा, मग पुन्हा वाढायला पान पुढं केलं. "चिंच जरा जास्तीच झाली बघ," त्या म्हणाल्या.

"तुमच्या तोंडाला लागली म्हंजी बरोबर हाय," प्रयागबाई म्हणाल्या.

मी छापून आणलेलं पत्रकही तिथं होतं. 'सरळ विचारा. ऐका. एकटं ठेवू नका. डॉक्टरांकडं न्या,' एवढ्याच चार ओळी, वडिलांनी शिकवल्याप्रमाणं मोठ्या ठशात. एक पोरगं त्यावर उंडे ठेवून खात होतं आणि खाता खाता वाचत होतं. मला नायगावचं घर आठवलं. पत्रकाचं यापेक्षा भलं काय व्हायचं?

जेवणं ऐन भरात असताना मी प्रयागबाईंच्या शेजारी होते. त्या बोलता बोलता थांबल्या. चेहऱ्यावरून रंग सरकला. मी काही म्हणायच्या आधी त्यांनी हाक मारली. मला नाही.

"भावजी. बसा जरा."

गुरुजींच्या हातात वाढायचं भांडं होतं, समोर जिल्हा परिषदेचे कुणी पाहुणे पान पुढं करून बसले होते. गुरुजींनी भांडं तिथंच मातीत ठेवलं आणि येऊन वहिनीशेजारी बसले. मी उठून थोडी पलीकडं सरकले. दोघंही समोर हरभऱ्याकडं पाहत होती. पाहुण्यांनी भज्जी स्वतःच्या हातानं वाढून घेतली.

किती वेळ गेला ते मी मोजलं नाही. मग गुरुजींनी विचारलं, "गेली?"

"गेली," प्रयागबाई म्हणाल्या. "आंबील द्या."

आंबिलाचा पेला अर्धा करून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू जेवलीस का गं? का नुस्तं लोकांलाच इचारत फिरतीस?" मी अजून जेवले नव्हते. मला कुणी विचारलं नव्हतं.

निघताना मी शोभाला विचारलं, "मग घर कोण राखतंय आज?"

तिनं कमरेची किल्ली वाजवून दाखवली. "कुलूप."

प्रयागबाई अजून अधूनमधून येतात. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांनी कमी केल्या आहेत. वाईट दिवस येतात, ते आले की त्या कुणालातरी 'बसा जरा' म्हणतात. गुरुजींची बाज आता अंगणात असते आणि ते घोरतात, अशी शोभाची तक्रार आहे. सगळ्यांच्याच गोष्टी अशा होत नाहीत. काही माणसं माझ्या खोलीपर्यंत पोचलीच नाहीत. त्यांचं मला वाईट वाटत राहतं. एवढ्या मोठ्या मुलखाला माझ्यासारखी हाताच्या बोटांवर मोजावी इतकी माणसं ठेवणाऱ्या सरकारशी माझं भांडणही चालू राहील, ते मी सोडणार नाही. पण संध्याकाळी एसटीत बसते तेव्हा मी समाधानी असते. खोलीत आज कुणीतरी श्वास सोडला, एवढ्यावर माझी मजुरी निघते.

हे वाचताना तुम्हाला स्वतःलाच तो विचार ओळखीचा वाटला असेल, तर अंक खाली ठेवा आणि आत्ता घरातल्या एका माणसाला म्हणा, "बसा जरा." घरात कुणी नसेल तर शेजारी. तेही नसेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारलं की नंबर मिळतो, आणि रात्र असो दिवस असो, तातडीच्या विभागाचं दार उघडं असतं. तुम्ही कुणावर ओझं टाकत नाही. आमच्या प्रयागबाईंना विचारा.

आणि बंधू-भगिनींनो, बाकीच्यांना एकच विनंती. हा दिवाळी अंक तुमच्या हातात आहे म्हणजे येळवस अजून यायची आहे. तुमच्याकडं येळवस नसेल तर लग्न असेल, बारसं असेल, रविवारचं जेवण असेल. घर राखायला ज्याला मागं ठेवता, ज्याच्याबद्दल 'त्याला नको न्यायला' असं हळू आवाजात ठरतं, त्याच्याकडं या आठवड्यात जा. केळी नेली नाहीत तरी चालेल. शेजारी बसा आणि सरळ विचारा, "मरून जावं असं वाटतं का?" हो म्हणाले तर घाबरू नका, उपदेश करू नका, उठू नका. ऐका, धोक्याचं काही असेल ते दूर करा, सोबत घेऊन दवाखान्यात जा. आणि निघताना रीतसर बोलावणं करा.

घराला कुलूप लावा. माणसाला सोबत घ्या.